अप्पांच्या माघारची तकरीर

माझ्या मित्राला मूठमाती दिल्यावर तिथंच उभं राहून मी त्यांना दीर्घायुष्य चिंतलं.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण देगलूरहून लातूरला मी परत यायच्या आत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. तुम्हांला कुणीतरी सांगणारच, तर माझ्याच तोंडून ऐका. माझे शब्द असे होते : "परमेश्वर अप्पांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांच्या हातून समाजाची अशीच सेवा घडत राहो." एवढ्यावर थांबलो असतो तरी लोकांनी दुःखाच्या भरात ऐकलं न ऐकलं केलं असतं. पण पुढं मी "धन्यवाद" म्हणालो, आणि टाळ्यांसाठी जेवढं थांबायची मला सवय आहे तेवढं थांबलो. मागं उभ्या असलेल्या एकानं खरंच टाळी वाजवली. त्या बिचाऱ्यालाही सवय असणार.

आमच्याकडं माणूस नुसता जात नाही, त्याच्यावर भाषणं होतात. घरच्यांचं रडू अजून थांबलेलं नसतं, ऊन डोक्यावर असतं, चपला दूर काढून ठेवल्यामुळं तळपाय पोळत असतात, आणि तेवढ्यात कुणीतरी पुढं होऊन हात वर करतो : "मंडळी, जाऊ नका, दोन शब्द होतील." मग सरपंच बोलतात, पाहुण्यांतले एक बोलतात, व्यापारी मंडळींतर्फे एक बोलतात. अशी तीन-चार भाषणं झाल्याशिवाय गेलेल्याला पुरतं जाता येत नाही. वीरभद्रअप्पांच्या वेळी शेवटचं भाषण माझं होतं. लातूरहून मास्तर आलेत, ते बोलणार, हे आधीच ठरलेलं होतं. ठरवलेलं खुद्द अप्पांनीच होतं. आणि मी जन्मभर सत्कार, निरोप समारंभ, एकसष्टी, पंचाहत्तरी यांची भाषणं केलेला माणूस. माझं तोंड म्हशीसारखं आहे, दावं सोडलं की ओळखीच्या गोठ्याकडं आपोआप वळतं.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं, की बोलता बोलता मी समोरच्या गर्दीत एक टोपी शोधत होतो. टोप्या पुष्कळ होत्या. त्यांतली एकही उतरून गुडघ्यावर येणारी नव्हती... आणि ती आल्याशिवाय थांबायचं कसं, हे मी विसरून गेलो होतो.

वीरभद्रअप्पांचं देगलूरच्या बाजारात कापडाचं दुकान. मी औशाकडचा. मास्तरकीची पहिली नेमणूक देगलूरला मिळाली तेव्हा मला वाटलं, सरकारनं मला परदेशी धाडलं. बाजारात एक जण तेलुगूत भाव करतोय, दुसरा कानडीत नको म्हणतोय, तिसरा उर्दूत दोघांची समजूत काढतोय. अप्पा गादीवर बसून या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या भाषेत कापड दाखवायचे. खळ घातलेली पांढरी टोपी, कपाळावर भस्म, हाताशी कापड मोजायचा लोखंडी गज. मी सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो आणि सवयीप्रमाणं बोलत सुटलो. सूत, विणकर, स्वावलंबन, सगळं आलं. अप्पांनी पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, बाही अर्धी का पुरी?" आमची मैत्री तिथं सुरू झाली. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पण शेवटपर्यंत मला 'तुमी'च म्हणत राहिले.

मी नोकरीला लागलो आणि बहात्तरचा दुष्काळ आला. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, पण आमच्या हेडमास्तरांना तो असावा असं नेहमी वाटायचं. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. शेतं उघडी पडलेली, सगळं गाव टोपली डोक्यावर घेऊन मातीवर. एक दिवस तिथं काम बघायला बडे पाहुणे येणार म्हणून निरोप आला आणि हेडमास्तरांनी स्वागताला मला धाडलं. दुपार झाली. तीन जीपगाड्या आल्या. बाया-माणसं घागरी, डबे, कळश्या घेऊन एका बाजूला बसलेली, कारण ती वेळ टँकरची होती. मी मातीच्या ढिगावर चढलो. पाहुणे बघून मला स्फुरण चढलं होतं. मी म्हणालो, "आपल्या आगमनानं या तहानलेल्या भूमीवर आनंदाचा पाऊस पडला आहे!"

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "मास्तर, मंग घागर लावू का?"

सगळ्या बाया हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. दोन-चार जणी उठल्या, मागून पुरुष उठले, कुणीतरी डबा वाजवायला लागलं. मी गांगरून आणखी मोठ्यानं बोलायला लागलो. जितका मी चढत गेलो तितके तेही चढत गेले. पाहुणे जीपकडं बघायला लागले. तेवढ्यात अप्पा, जे तिथं मजुरांना सावलीसाठी दुकानातलं जाडंभरडं कापड बांधून द्यायला आले होते, ते ढिगावर चढून माझ्या शेजारी उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "टँकर आलाय. साहेबांच्या जीपगाड्यांच्या मागं अडकून हुबा हाय. जीपा बाजूला घ्या, आन लेकुरवाळ्या बायांनी आधी या." बस्स. खाली उतरले. जीपा हलल्या, टँकर आला, रांग लागली. जो जमाव मघाशी अंगावर येऊ बघत होता तो मांडी घालून बसला. पाहुण्यांनीसुद्धा पाणी मागितलं. त्यांना रांगेतूनच दिलं.

परत येताना मी अप्पांना म्हणालो, "तुमचं भाषण माझ्यापेक्षा चांगलं झालं."

"भाषण तुमी केलात," अप्पा म्हणाले, "म्या केली ती तकरीर."

मला वाटलं, एकच. उर्दूत भाषणाला तकरीर म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. अप्पांचं शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दू शाळेत सातवीपर्यंत. ते थांबले आणि रस्त्यातच मला शिकवायला लागले. "आमचे उस्ताद सांगायचे. करार त्याच घरचा. इकरार त्याच घरचा. तारीख मुक्रर केली म्हनतो आपण, तेबी त्याच घरचं. ज्याचा जीव ठिकाणावर न्हाई तो बेकरार. तवा जे हलून राह्यलंय त्याला ठिकाणावर बसवायचं, तिला तकरीर म्हनायचं. नुसतं तोंड हलवायचं तिला न्हाई."

मी मराठीचा मास्तर, मला राहवेना. भाषण हा शब्द 'बोलणं' या साध्या धातूवरून आलेला, पण व्याख्यान म्हणजे उकलून, विस्तारून सांगणं, असं मी बरंच उकलून आणि विस्तारून सांगितलं. अप्पा म्हणाले, "म्हंजे तुमचं संस्कृतवालं पसरवतंय आन आमचं उर्दूवालं बसवतंय." पुढं लातूरला आल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयात कोश काढून बघितला, अप्पांची चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. ठरणं, टिकणं, एका जागी विसावणं, हेच मूळ. थंडावा हाही त्याच मुळाचा एक अर्थ. जुन्या मराठी कागदांत तर वादी-प्रतिवादी आपलं म्हणणं सरकारात मांडायचे, त्याला तकरीरच म्हणत. एकदा सांगितलं की ते पक्कं झालं, मग मागं फिरायचं नाही. मी कोश मिटला. आपल्या आयुष्यात आपण अशी एकसुद्धा केली नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं. पण संध्याकाळी एका निरोप समारंभाचं भाषण होतं, त्यामुळं फार वेळ लक्षात राहिलं नाही.

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात अप्पांचा थोरला मुलगा गेला. मल्लू. माझ्याच वर्गात होता. त्या साली लोक ज्याला पाणी म्हणत होते ते पिऊन गावात बरेच जण आजारी पडले, बरेच उठले, मल्लू उठला नाही. मी भेटायला गेलो. दुकानाच्या मागंच घर होतं. पुढच्या खोलीत अप्पा भिंतीला टेकून बसलेले, आतल्या दारात गंगावहिनी, त्यांच्या पत्नी, गुडघ्यांत डोकं घालून. मला वाटलं, काहीतरी बोलावं. आणि मला हेही कळत होतं, की मल्लूबद्दल एक अक्षर बोलू नये. या दोहोंच्या मधे जे काही सापडेल ते मी बोलत सुटलो. आमच्या गावच्या बैलाचं सांगितलं, जो फक्त शनिवारी औत ओढायचा नाही. औशाच्या किल्ल्यात लहानपणी आम्ही कसे हरवलो आणि सापडल्यावर मार कुणी खाल्ला ते सांगितलं. शाई घरी कशी करायची तेसुद्धा सांगितलं, त्या माणसाला, त्या दिवशी. माझं मलाच ऐकवत नव्हतं, पण थांबलो तर जे उरेल त्याची भीती वाटत होती.

बऱ्याच वेळानं अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

मी समजलो. बास झालं, असं तोंडानं म्हणण्यापेक्षा माणसानं टोपी काढून ठेवली. मी वाक्य अर्धवट सोडून गप्प झालो. खोलीत एकदम शांत झालं. अप्पांनी डोळे उघडले. लाल झालेले. "कामून थांबलात?" म्हणाले. मला वाटलं, केवढा मोठा माणूस, अशा वेळीसुद्धा माझं मन राखतोय. मी म्हटलं, "नको अप्पा, फार बोललो." आणि उठून आलो.

तेव्हापासून ती आमची खूण झाली. म्हणजे ठरवली कुणीच नाही, पण मी धरून चाललो. देगलूरला शाळेच्या गॅदरिंगला मी बोलायला उभा राहिलो की अप्पा तिसऱ्या रांगेत. थोडा वेळ माझ्याकडं बघायचे, मग हनुवटी छातीला टेकवून, मान खाली घालून ऐकायचे. अशी दाद मला दुसऱ्या कुणी दिली नाही. इतर लोक चुळबुळ करत, जांभया देत, शेजाऱ्याशी बोलत. अप्पा हलत नसत. आणि त्यांची टोपी गुडघ्यावर आली की मी दोन वाक्यांत गुंडाळायचो. हेडमास्तर म्हणायला लागले, मास्तरांना आता कुठं थांबायचं ते कळायला लागलंय. ते श्रेय मी कधी अप्पांना दिलं नाही. पुढं माझी बदली लातूरला झाली आणि मला वाटलं, आता आपल्याला आवरणारं कुणी नाही. तर अप्पा बसनं यायला लागले. देगलूरहून उदगीर, उदगीरहून लातूर. नायगावला शिक्षकांचा मेळावा असला तर नायगावला. उदगीरला कुणाचा सत्कार असला तर उदगीरला. दुकान धाकट्या भावावर टाकून. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणायची, "अप्पांना तुमच्या भाषणात काय सापडतंय कुणास ठाऊक. मला तर घरात फुकट मिळतंय तरी नको वाटतंय." मी तिला म्हणायचो, त्याला रसिकता लागते.

लातूर जिल्हा झाला ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना आठवत असेल. शहरभर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना जेवायला सवड नव्हती. ज्याच्या त्याच्या दुकानावरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून तिथं 'जि. लातूर' लिहायचं चाललेलं. घाईत रंग पातळ लावल्यामुळं नव्या लातूरच्या खालून जुनं उस्मानाबाद डोकावायचं. आमच्या भागातल्या एका मंडळानं नव्या जिल्ह्याच्या आनंदाप्रीत्यर्थ सभा ठेवली आणि स्वागताचं भाषण माझ्याकडं दिलं. मी चार दिवस पाठ केलं. मैदान भरलेलं, फटाके तयार. मी माइक धरला आणि दणदणीत आवाजात म्हणालो, "समस्त उस्मानाबाद जिल्ह्याच्या वतीनं मी आपलं हार्दिक स्वागत करतो!"

मागून एक आवाज आला, "मंग तिकडंच जावा की मास्तर!"

माझं खालून जुनं डोकावलं होतं. हशा काही केल्या ओसरेना. मी सारवासारव करायला इतिहास सुरू केला, निजामापासून धरला. लोक हळूहळू गप्प झाले, पण ते गप्प होणं बसणाऱ्यांचं नव्हतं, उठून जाणाऱ्यांचं होतं. मी आता नदीत उतरलेल्या बैलगाडीसारखा, पुढंही जाता येईना, मागंही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत टोपी उतरली. त्या वेळी मला अप्पांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी "जय महाराष्ट्र" म्हणून बसलो. टाळ्या झाल्या, फटाके फुटले, अप्पांनी दचकून मान वर केली.

सभेनंतर बसस्टँडवर चहा घेताना ते म्हणाले, "आज लवकर उरकलात."

"तुम्ही टोपी काढलीत ना," मी म्हटलं.

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. बशी तशीच हातात. काहीतरी बोलायला त्यांचं तोंड उघडलं होतं, मग मिटलं, आणि मिशीत हसून ते एवढंच म्हणाले, "हाव." उदगीरची गाडी लागली. खिडकीतून हात काढून म्हणाले, "मास्तर, फुडच्या बारीला जरा लांबण लावा." मला वाटलं, चेष्टा.

त्यानंतर वर्षं गेली, म्हणजे जशी जातात तशी. मी निवृत्त झालो. मुलं पुण्याला. बायको गेली, तेव्हा अप्पा येऊन आठ दिवस राहिले आणि आठही दिवस मला म्हणायचे, बोला कायतरी. मला वाटायचं, माझं दुःख हलकं व्हावं म्हणून म्हणताहेत. मी बोलायचो, ते भिंतीला टेकून ऐकायचे. ते देगलूरला परतल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या, पण भिंतीला टोपी नसते. सत्काराची बोलावणी अजून यायची. नव्या लोकांना माझं भाषण मोबाइलवर बघत ऐकायची सवय. तिसऱ्या रांगेत आता थकलेले अप्पा, काठी टेकून आलेले. कुणी तरी मला म्हणालं होतं, "मास्तर, तुमचा एक श्रोता मात्र पक्का हाय." मी त्या एकासाठीच बोलत होतो, हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. अप्पांनाही सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी सोडून बाकी सगळं मी बोललो.

शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात. गंगावहिनींचा फोन आला, "तुमाला बोलावून राह्यलेत." मी दुपारच्या गाडीनं गेलो. अप्पा पलंगावर एवढेसे झालेले. उशाच्या टेबलावर औषधाच्या बाटल्यांच्या शेजारी टोपी, घडी करून. मला बघून बरं वाटलं असावं. म्हणाले, "माझ्या माघारी तुमीच बोलायचं. पण भाषण नगं. तकरीर करा."

"अप्पा, असलं बोलू नका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणतात माणसं.

अप्पांनी ते कानाआड केलं. मग म्हणाले, "बरं, आता बोला कायतरी."

"कशावर?"

"कशावरबी. त्या बैलाचं सांगा. शनवारच्या."

आता बघा. जन्मभर जिथं बोलू नये तिथं मी बोललो. आणि त्या दिवशी समोरच्या भिंतीवर पाटी होती, रुग्णाशी जास्त बोलू नये. मला एकाएकी शहाणपण आलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "अप्पा, आज तुम्ही आराम करा. घरी आल्यावर सांगतो की सगळं." अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं वळवली. मी पावलं न वाजवता बाहेर आलो. दारात गंगावहिनी उभ्या होत्या. "एवढ्यात निघालात?" म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यांना झोपू द्या, वहिनी."

चौथ्या दिवशी निरोप आला. त्यापुढचं, दीर्घायुष्याचं, सांगून झालंय.

लातूरला आलो आणि दोन-तीन आठवडे घराबाहेर पडलो नाही. भाजीवालासुद्धा हसतोय असं वाटायचं. हसण्याचं मला वावडं नाही, लोकांना हसवतच एवढं आयुष्य काढलं. पण अप्पांनी माझ्याकडं मागितलेली गोष्ट एकच होती. जे हलून राहिलंय ते ठिकाणावर बसवणारी चार वाक्यं. आणि मी त्यांच्यासमोर, त्यांच्यावर पडलेली माती अजून ओली असताना, ती उधळली. ती जागा आता पुन्हा मिळणार नव्हती. पण गंगावहिनी होत्या. त्यांच्यासमोर एकदा नीट बोलावं, त्यांनी एकदा 'बरं बोललात' म्हणावं, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल असं मला वाटायला लागलं. मी चार वाक्यं केली. लिहून काढली नाहीत, लिहिली की वाढतात. तोंडात घोळवत, देगलूरच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून म्हणत गेलो. शेजारच्या बाईनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

दुकान उघडं होतं, गादीवर धाकटा मुलगा. मला बघून उठला, मागं घेऊन गेला. तीच पुढची खोली. ज्या भिंतीला अप्पा टेकायचे तिथं चुन्यावर पाठीच्या उंचीचा एक तेलकट डाग, आणि त्याच्यावर खुंटीला टोपी. खळ घातलेली, इस्त्रीची. गंगावहिनींनी चहा आणला आणि आतल्या दाराच्या उंबऱ्याजवळ बसल्या, मल्लूच्या वेळी बसल्या होत्या तिथंच. मी चहा ठेवला, घसा खाकरला.

"वहिनी, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. अप्पांनी मला तकरीर कर म्हणून सांगितलं होतं. ती मी आज करतो."

"करा," त्या म्हणाल्या.

पहिलं वाक्य बरं गेलं. अप्पा थोडं बोलायचे आणि त्यानं माणसं शांत व्हायची, असं काहीतरी होतं. दुसरं सुरू केलं आणि त्यात टँकर आला. टँकर आला तसा दुष्काळ आला, दुष्काळ आला तशी म्हातारीची घागर आली. मग थांबवतो कोण. मी लातूर जिल्हा केला, पाट्या रंगवल्या, निजामापासून पुन्हा धरलं. चौथं वाक्य कुठं राहिलं होतं ते मला दिसत होतं, लांब, पलीकडच्या काठावर. वहिनी ऐकत होत्या. मधेच त्या उठल्या. खुंटीवरची टोपी काढली, फुंकर घालून तिच्यावरची धूळ उडवली, पुन्हा उंबऱ्याशी बसल्या आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

मी गप्प झालो. वाक्याच्या मधोमध, दावं ओढल्यासारखा.

वहिनींनी वर बघितलं. "कामून थांबलात?"

हे अप्पांचेच शब्द. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही टोपी ठेवलीत ना. अप्पांची खूण होती ती. माझं फार झालं की ते अशी टोपी काढून ठेवायचे, आणि मी थांबायचो. इतकी वर्षं. त्या खुणेवर तर माझं भाषण चाललं..."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की रडताहेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"कशाची खूण, मास्तर?" त्या म्हणाल्या. "मल्लू गेल्यापासून ह्या घरात त्यायला रातची झोप न्हवती. डाक्टर झाले, गोळ्या झाल्या, अंगारे झाले. भिताडाला टेकून सकाळ करायचे. त्या दिशी तुमी त्या बैलाचं सांगून राह्यलेते, तवा पहिल्यांदा डोळा लागला. झोपंत टोपी पडंल म्हनून काढून ठेवायचे, दुसरं काय? लातूरला, नायगावला काय तुमचं आयकायला जात हुते व्हय? झोपायला जायचे. दवाखान्यातबी त्याच्यासाठीच तर बोलावलं हुतं."

त्यांनी टोपी उचलली, पुन्हा एकदा फुंकर घातली आणि उठून खुंटीला अडकवली.

"आन तुमी? टोपी दिसली की लगीच गप. एकदाबी धड झोपू दिलं न्हाई तुमी त्यायला."